बोरीबंदरच्या तीन शाळा: पन्हळी, कंगोरे आणि दगडातली वेलबुट्टी

दगडफूल:

बोरीबंदरला उतरलेल्या माणसाची मान आपसूक स्टेशनाकडे वळते, आणि वळलीच पाहिजे. पण त्या घुमटापासून हाकेच्या अंतरावर तीन शाळा उभ्या आहेत, त्यांच्याकडे वर बघत कोणी चालत नाही. बघणार तरी कसं? फूटपाथवर मोबाइलची कव्हरं आणि कमरेचे पट्टे, आणि पाठीमागून लोंढ्याचा रेटा. दादाभाई नौरोजी रस्त्यावर स्टेशनाच्या समोर अंजुमन-इ-इस्लाम. त्याच रस्त्याने क्रॉफर्ड मार्केटकडे गेलं की सर ज. जी. कलाशाळा. आणि महापालिका मार्गावर, आझाद मैदानासमोर, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी एल्फिन्स्टन हायस्कूल. बरेच दिवस या तिघींवर लिहायचं मनात होतं.

पार्श्वभूमी पटकन उरकतो, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. १८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले, किल्ल्याचे तट पाडायचं काम सुरू झालं, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढची वीस-पंचवीस वर्षं सरकारी इमारती उठत राहिल्या. तेव्हाची इंग्लंडमधली फॅशन गॉथिक, म्हणून इथेही गॉथिक. टोकदार कमानी, उतरती छपरं, खांबांच्या माथ्यावर पानंफुलं. इथवर सगळ्या पुस्तकांत असतं.

मला सांगायचंय ते वेगळं. या इमारतींवरच्या नक्षीकडे आपण दागिना म्हणून बघतो. निम्म्याहून जास्त नक्षी कामाला लावलेली आहे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही वाऱ्याबरोबर आडवा. बिलायतेतलं गॉथिक तिथल्या रिपरिपीसाठी होतं, इथे त्याला धो धो पाऊस झेलायचा होता.

एक गोष्ट जवळून बघा. कमानीच्या वर भुवईसारखी पुढे आलेली दगडाची पट्टी असते. रस्त्यावरून ती नुसती शोभेची वाटते. खाली उभं राहून तिच्या पोटाकडे नजर टाकली तर लांबीभर बोटाएवढी खाच कोरलेली दिसते. भिंतीवरून ओघळत आलेलं पाणी पट्टीच्या कडेवरून पोटाखाली शिरू बघतं, खाचेपाशी अडतं आणि तिथेच थेंब होऊन सुटतं. खिडकीच्या लाकडापर्यंत पोचतच नाही. ही खाच रंगाच्या थरांनी किंवा सिमेंटने बुजली की दोन पावसाळ्यांत खालची चौकट फुगते. मग शाळेचे शिपाई म्हणतात, जुनी इमारत आहे, गळणारच.

तसंच पन्हळींचं. छपराच्या कडेला तोंड वासून बसलेली जनावरं आपण फोटोत घेतो. ती तोंडं भिंतीपासून लांब पाणी फेकायला आहेत. जितकी मान लांब तितकी भिंत कोरडी.

आणि खांबांचे माथे. बहुतेक ठिकाणी व्हरांड्याच्या आत, छपराच्या आडोशाला सगळ्यात नाजूक कोरीव काम असतं. बाहेर तोंड केलेल्या भागात रेषा जाड आणि खोल. कोरणाऱ्याला ठाऊक होतं की कुठली पाकळी पावसात टिकेल आणि कुठली नाही.

तुम्हाला यातलं काही कुठे दिसलंय का? या तीन शाळांबद्दल, किंवा तुमच्या शाळेबद्दलही, लिहा.

गिरगावचा_बंड्या:

मस्त धागा. एल्फिन्स्टन म्हणजे काळ्या घोड्याजवळची ना, जहांगीर आर्ट गॅलरीसमोरची? तिथे तर कॉलेज आहे.

धोबीतलाव_नाक्यावरून:

बंड्या, ते एल्फिन्स्टन कॉलेज. १८८८ची इमारत, वास्तुकार ट्रबशॉ आणि खानबहादुर मंचेरजी मर्झबान यांची, आणि ती आधी सरकारी छापखान्यासाठी बांधायला घेतली होती. राज्याचं पुराभिलेखागारही त्याच वास्तूत. दगडफूल म्हणतायत ते हायस्कूल, मेट्रो सिनेमापासून पालिकेच्या दिशेने चालत गेलात की डाव्या हाताला. ते त्याहून जुनं, १८७०च्या दशकातलं. सर अल्बर्ट ससून यांनी त्या इमारतीसाठी मोठी देणगी दिली. आता तिथे तांत्रिक विद्यालय आहे. आमच्या वेळी रस्त्यापलीकडे मैदानात मॅच असली की आमचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर. तेवढ्यासाठी तरी त्या उंच खिडक्यांचे आभार.

वाचनवेडी_शमा:

वाचतेय. फोटो टाका ना कोणीतरी. त्या खाचेचा तर हवाच.

चुना_आणि_गूळ:

जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे लांबण लागेल, माफी असावी.

दगडफूल यांनी पाण्याचं बरोबर सांगितलंय, पण त्याच्या आधी दगड ओळखायला शिका. मुंबईच्या त्या काळच्या इमारतींत मुख्य चार-पाच दगड येतात. काळा-निळसर बसाल्ट, आपला कातळ. घट्ट, पाणी न पिणारा, म्हणून जोत्याला आणि भिंतीच्या अंगाला. पण टाकीला, म्हणजे छिन्नीला, दाद देत नाही. त्यात बारीक फूल कोरायचं म्हणजे पाथरवटाचा घाम आणि टाक्यांची धार दोन्ही जातात. मग पिवळट कुर्ला आणि मालाड. हे मधले, कोपऱ्यांना, खिडक्यांच्या चौकटींना, कंगोऱ्यांना. आणि कोरीव कामाला पोरबंदर: चुनखडीचा, सायीच्या रंगाचा, खाणीतून निघाल्यावर इतका मऊ की सुताराच्या हत्यारानेही तासता येतो. हिंमतनगरचा तांबूस वालुकाश्मही दिसतो, त्याला जुन्या कागदांत हेमनगर म्हणतात. तो बहुतेक खांबांना आणि पट्ट्यांना, रंगाच्या मौजेसाठी.

म्हणजे इमारतीच्या रंगांवरून तुम्ही तिचं अंदाजपत्रक वाचू शकता. काळं जास्त असेल तर पैसे मजबुतीवर गेले. पिवळं आणि पांढरं जास्त असेल तर मालकाला मिरवायचं होतं.

आता दुखणं. पोरबंदर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. गाड्यांच्या आणि गिरण्यांच्या धुरातला गंधक पावसात मिसळला की त्याचा पृष्ठभाग जिप्समचा होतो. पाऊस लागतो तिथे तो धुऊन जातो आणि नाक-डोळे पुसट होतात. आडोशाला तो धूळ-काजळी धरून काळा पापुद्रा होतो, आणि पापुद्रा सुटताना खालचं फूल घेऊन जातो. म्हणून काळं दिसलं की घासा, हा विचार सोडा. वाळूचा फवारा मारून "साफ" केलेला दगड मी पाहिलाय. साफ झाला, आणि कोरीव काम अर्धं गेलं.

त्याहून मोठा शत्रू सिमेंट. मूळ बांधकाम चुन्याचं, चुन्याच्या घाण्यात मळलेल्या. चुना मऊ असतो आणि श्वास घेतो, भिंतीत शिरलेलं पाणी दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर येतं. त्याच दरजा सिमेंटने भरल्या की पाण्याला दगडातूनच बाहेर पडावं लागतं. बरोबर क्षार येतात, पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात आणि दगड आतून पोखरत पापुद्र्यांनी सुटतो. दरज शाबूत, दगड खलास. उलट व्हायला हवं: दरज झिजावी, दगड राहावा. दरज पुन्हा भरता येते.

तिसरं लोखंड. दोन दगड सांधायला आत लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. गंजलं की लोखंड फुगतं, आणि फुगलं की त्याच्यापुढे कातळाचंही काही चालत नाही. सज्ज्याला आधार देणाऱ्या तोड्याला उभी चीर दिसली तर आधी आतल्या लोखंडाचा संशय घ्या.

माझं नाव चुना आणि गूळ का, असं कोणी विचारायच्या आत सांगतो: जुन्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचे, अजूनही घालतो. मजुरांची पोरं गूळ पळवतात, त्यामुळे हिशोबात थोडा जास्त धरावा लागतो.

दगडफूल:

@चुना_आणि_गूळ, असे प्रतिसाद आले की धागा काढल्याचं सार्थक होतं. अंदाजपत्रक वाचायची युक्ती उद्याच वापरून बघणार.

साधा_माणूस_९:

छान आहे सगळं. पण दर वेळी असल्या धाग्यावर गोऱ्यांच्या वास्तुकारांची नावं येतात आणि आपण माना डोलावतो. पैसा कोणाचा, हात कोणाचे, आणि नाव कोणाचं?

दगडफूल:

रास्त प्रश्न. पैसा बऱ्याच अंशी इथलाच. कलाशाळेसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये देऊ केले, त्यावर १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. एल्फिन्स्टन हायस्कूलला ससून. पलीकडे राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद, आईच्या नावाने. मुलींच्या पहिल्या शाळांना तर जगन्नाथ शंकरशेटांनी आपल्या वाड्यातच जागा दिली होती, तिथे गॉथिक कमान वगैरे काही नव्हतं आणि काही अडलंही नाही.

हातांबद्दल: राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत, ते घडवणारे मुकुंद रामचंद्र, सार्वजनिक बांधकाम खात्यातले साहाय्यक अभियंता. बोरीबंदर स्टेशनावर वास्तुकार स्टीव्हन्ससोबत सीताराम खंडेराव होते. मर्झबान वर आलेच. ही वरच्या पायरीवरची माणसं म्हणून नावं राहिली. पाथरवटांची नाहीत. हजेरीपटात "गवंडी", "बेलदार" एवढंच.

साधा_माणूस_९:

तेच म्हणतोय. आणि आत कोणाला कसं बसवलं तेही लिहा. एल्फिन्स्टन हायस्कूलमधूनच बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना उदाहरण सोडवायला फळ्याकडे बोलावलं तेव्हा मागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गात गलका झाला, पोरांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. चरित्रांत हा प्रसंग आहे. खांबावरची फुलं बघताना मला तो फळाच आठवतो.

वाचनवेडी_शमा:

माझ्या आजोबांकडून ऐकलं होतं हे, पण शाळा कुठली ते लक्षात नव्हतं. इतके वेळा त्या फाटकावरून गेलेय.

ओली_माती:

मी कलाशाळेची. शिल्पकला विभाग. त्यामुळे मला राहवत नाही.

लोक सरसकट "किपलिंगची इमारत" म्हणतात. लॉकवुड किपलिंग १८६५ साली स्थापत्य-शिल्पाचे शिक्षक म्हणून आले, मुलगा रुडयार्ड त्याच वर्षी डिसेंबरात जन्मला, आणि १८७५ साली ते लाहोरला निघून गेले. सध्याची दगडी इमारत १८७८ची, जॉर्ज ट्विग मोलेसी यांनी आखलेली. म्हणजे ते या इमारतीत कधी शिकवायला उभेच राहिले नाहीत. आवारातल्या ज्या बंगल्यापुढे पर्यटक फोटो काढतात तोही रुडयार्डच्या जन्मानंतरचा.

पण त्या माणसाने एक मोठं काम केलं. १८६६च्या सुमारास शाळेत तीन कार्यशाळा झाल्या: किपलिंगकडे मातीकाम आणि शिल्प, ग्रिफिथ्सकडे सजावटीचं चित्रकाम, हिगिन्सकडे लोखंडी नक्षीकाम. आणि शहरात तेव्हा जे जे बांधलं जात होतं त्याची कामं या कार्यशाळांकडे येऊ लागली. समोरच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर शेतकऱ्यांची आणि बाजाराची जी उठावशिल्पं आहेत, ती किपलिंगची. आतलं कारंजंही. मार्केट १८६९चं. बोरीबंदर स्टेशन १८७८ ते १८८८ बांधलं गेलं, तिथल्या सजावटीचं बरंच काम ग्रिफिथ्सच्या हाताखाली इथल्या विद्यार्थ्यांनी केलं. मोर, माकडं, घुबडं, पानांत लपलेले सरडे. विद्यार्थ्यांचा हात चालायला यापेक्षा चांगला फळा कुठला.

काम कसं होई ते सांगते, कारण अजूनही ढोबळमानाने तसंच शिकवतात. आधी खरं पान. एरंडाचं, कमळाचं, अळूचं, जे आवारात मिळेल ते. त्याचं मातीत मोठं रूप. मग प्लास्टरचा साचा. तो साचा जागेवर नेऊन पाथरवटापुढे ठेवायचा आणि त्याने दगडात उतरवायचं. इथे गंमत होते. मातीत पानाची कड पातळ ठेवता येते, दगडात नाही. म्हणून पाथरवट कड जाड करतो, मागे सावली पडावी म्हणून भोक खोल घेतो. विद्यार्थ्याचं पान आणि दगडातलं पान यांत जो फरक दिसतो तो पाथरवटाचा. म्हणजे साधा_माणूस, हजेरीपटात नाव नसलं तरी सही आहे तिथे.

इमारतीबद्दल: चित्रशाळेला उत्तरेचा उजेड लागतो, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही, मॉडेलच्या चेहऱ्यावरची सावली हलत नाही. खिडक्या उंच त्यासाठी. पुस्तकात गॉथिकचा गुण म्हणून जी उंच खिडकी वाखाणतात, ती आम्हाला आधी उजेड म्हणून कळली. बाकी चित्रकार धुरंधर, शिल्पकार गणपतराव म्हात्रे हे सगळे याच वर्गांतून गेले. फार काही बोलत नाही, नाहीतर धागा कलाशाळेचा होईल.

गिरगावचा_बंड्या:

होऊ दे की. ग्रिफिथ्स म्हणजे अजिंठावाले?

ओली_माती:

तेच. १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून काढली, ते काम १८८५पर्यंत चालू होतं. लंडनला पाठवलेल्यांपैकी पुष्कळ प्रती तिथल्या आगीत गेल्या. एकीकडे गॉथिक पानं, दुसरीकडे अजिंठ्याच्या वेली, हाताला दोन्ही वळणं लागली. स्टेशनाची नक्षी नुसती बिलायती वाटत नाही त्याचं मला तरी हेच कारण दिसतं.

पायधुणीकर:

अंजुमनबद्दल कोणीच लिहीना, म्हणून मी.

संस्था १८७४ची. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, मोहम्मद अली रोगे वगैरे मंडळींनी काढलेली. इमारतीचा पाया १८९० साली घातला, इमारत पुरी १८९३ साली. वास्तुकार जेम्स विलकॉक्स. त्याच वर्षी कोपऱ्यावरची पालिकेची इमारतही पुरी झाली. या दोन्हींकडे एका दमात बघा. वीस वर्षांत काय बदललं ते कळेल. कलाशाळा आणि एल्फिन्स्टन हायस्कूल पक्की गॉथिक, आणि अंजुमनपर्यंत येता येता घुमट आले, छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट) आल्या, कमानींचं वळण बदललं. इंडो-सारासेनिक म्हणतात त्याला. इंग्रजांनी ठरवलेली "हिंदुस्थानी" शैली, असं त्यावर टीकाकार म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. विजापूर, गुजरात, दिल्ली, सगळीकडचे नमुने एका ताटात.

पण माझं मत थोडं निराळं आहे. मुसलमान मुलांनी आधुनिक शिक्षण घ्यावं म्हणून धडपडणाऱ्या संस्थेने स्टेशनासमोर, शहराच्या तोंडावर जागा घ्यावी आणि तिथे घुमट उभारावा, यात त्यांचीही काही इच्छा असणार. ते गॉथिक बांधू शकले असते. समोर त्या काळचं सगळ्यात दिमाखदार गॉथिक दिवसरात्र दिसत होतं.

दगडफूल यांच्या मुद्द्यात भर: घुमटाच्या शैलीतही पाण्याची सोय आहेच. छज्जा. आपल्याकडच्या जुन्या वास्तूंत तो चांगला हातभर पुढे येतो, खाली दगडी घोडे, म्हणजे आधाराचे तोडे, देऊन उचललेला. गॉथिकची ती पट्टी चार बोटं. आमच्या पावसाला छज्जाच बरा.

चुना_आणि_गूळ:

छज्जा बरा, हे एकशे एक टक्के. पण घोड्यांवर भार जास्त, आणि एखादा घोडा तडकला तर खाली फूटपाथ आहे हे विसरू नका. चार बोटांची पट्टी पडली तर पट्टीच पडते.

कौलारू:

आमच्या शाळेचं नाव घेत नाही, माणसं अजून तिथे नोकरीला आहेत. दक्षिण मुंबईतलीच. दारावर कमानीत सुंदर वेल होती, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे घोस. कुठल्याशा समारंभाच्या आधी उत्साहात सगळ्यावर ऑइलपेंट फिरवला. पानं हिरवी, द्राक्षं जांभळी, देठ तपकिरी. माजी विद्यार्थी म्हणून बोललो तर उत्तर मिळालं, पोरांना किती प्रसन्न वाटतं बघा. खरं सांगायचं तर पोरांना वाटतही असेल. पण आता द्राक्षांमधल्या फटी बुजल्यात आणि रंगाला फोड आलेत. चुना_आणि_गूळ, हा रंग निघतो का?

चुना_आणि_गूळ:

निघतो, पण घाई नको. फोड आलेत म्हणजे आत ओल अडकलीय, रंग श्वास घेऊ देत नाही. दगड कुठला आहे त्यावर सगळं अवलंबून. आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, तळहाताएवढ्या भागावर नमुना करून बघायचा. रंग सोडवणारा लेप लावून झाकून ठेवायचा, मऊ पडला की लाकडी किंवा बांबूच्या पट्टीने काढायचा. तारेचा ब्रश, ग्राइंडर, ॲसिड, यांना हात लावू द्यायचा नाही. चुनखडीच्या दगडावर ॲसिड म्हणजे सरळ दगडच विरघळवणं. एवढं करून फटींत थोडा जांभळा रंग राहील. राहू द्या. तो काढायला गेलात तर घोस जाईल.

आणि शाळा वारसा यादीत आहे का ते बघा. १९९५पासून मुंबईत वारसा नियमावली आहे, इमारतींना श्रेणी आहेत. यादीतल्या इमारतीला असले बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. रंगारी आणून मोकळं होता येत नाही.

वाचनवेडी_शमा:

मग या तिन्ही जागतिक वारशात येतात का? मध्ये बातम्यांत होतं ना.

धोबीतलाव_नाक्यावरून:

नाही. स्टेशन एकट्याचं २००४ साली नोंदलं गेलं. २०१८ची नोंद ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंची, म्हणजे एकीकडे विद्यापीठ, हायकोर्ट वगैरे आणि दुसरीकडे आर्ट डेको शैलीच्या इमारती. या शाळा त्यात नाहीत. शहराच्या यादीचं संरक्षण मात्र आहे.

गिरगावचा_बंड्या:

बघायला जायचं तर कधी जावं? आत सोडतात का?

दगडफूल:

चालू शाळा आहेत रे, आत परवानगीशिवाय नको, आणि पोरांचे फोटो तर अजिबात नको. रस्त्यावरून भरपूर दिसतं. अंजुमनचं तोंड पूर्वेला, तेव्हा सकाळी. एल्फिन्स्टनला हिवाळ्यात दुपारनंतर, ऊन तिरकं आलं की कंगोऱ्यांची खोली कळते. डोक्यावर सूर्य असताना सगळं सपाट दिसतं. मैदानाच्या बाजूच्या फूटपाथवरून बघ, तिथून पूर्ण लांबी नजरेत येते. जवळ छोटी दुर्बीण असली तर उत्तम. रविवारी गर्दी कमी असते, पण क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला काही नेम नाही.

चुना_आणि_गूळ:

मी म्हणेन भर पावसात जा. छत्री घेऊन समोर उभं राहायचं आणि कुठल्या पन्हळीतून पाणी येत नाही ते बघायचं. जिथून येत नाही तिथे वर पानांचा कचरा, कबुतराचं घरटं किंवा क्रिकेटचा चेंडू अडकलेला असतो. ते पाणी मग भिंतीत उतरतं. शाळेला कळवायला कोणाला काही लागत नाही, एक पत्र पुरतं. गच्चीवर चढून कचरा काढायला एक माणूस आणि एक सकाळ. इतक्या स्वस्तात इमारतीचं आयुष्य दुसऱ्या कशाने वाढत नाही.

कौलारू:

आणि पिंपळ? आमच्या कमानीवर एक रोप आलंय. शिपाई म्हणतो उपटून टाकतो.

चुना_आणि_गूळ:

अजिबात उपटू देऊ नका! मुळं दरजांतून आत गेलेली असतात, ओढलं की दगड हलतो. लहान असेल तर बुंध्याशी कापायचं, मुळाच्या कापल्या जागी औषध लावायचं, मूळ पूर्ण मेल्याची खात्री झाली की जेवढं सहज निघतं तेवढं काढून दरज चुन्याने भरायची. सिमेंटने नाही. नुसतं कापून सोडलं तर पुढच्या जूनमध्ये दुप्पट जोमाने येतो. रोप बोटाएवढं आहे की मनगटाएवढं? मनगटाएवढं असेल तर आधी मला फोटो पाठवा, मग शिपायाला शिडी द्या.

कौलारू:

अंगठ्याएवढं. फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.